थकव्याची प्रश्नावली: दोन्ही भाषांत अल्फा ०.९१, तरी मराठी-तेलुगू तुलना करायची का?

विडीपान (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरातल्या महिला कामगारांच्या थकव्यावर पीएचडीचं काम आहे, विषय सार्वजनिक आरोग्य. प्रश्नावलीत १२ विधानं आहेत. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत १ ते ५ अशी उत्तरं, म्हणजे एकूण गुण १२ ते ६०. आधी मराठीत तयार केली, मग तेलुगूत करून घेतली. मराठी बोलणाऱ्या २१२ आणि तेलुगू बोलणाऱ्या १९६ जणी. बहुतेकींना विधानं वाचून दाखवली आहेत.

दोन्ही भाषांत क्रोनबाखचा अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.९१ च्या आसपास आला. तेलुगू गटाची सरासरी सुमारे ४ गुणांनी जास्त आहे, एसडी (गुणांचा पसारा) ९, टी-टेस्ट सिग्निफिकंट, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. गाइड म्हणतात, अल्फा इतका चांगला असताना आणखी काय पाहिजे, निष्कर्ष लिहा. प्रबंध देण्याआधीच्या प्री-सबमिशन सादरीकरणाला मात्र प्रश्न आला: हा फरक थकव्यातला की प्रश्नावलीतला? याचं उत्तर आकड्यांनी कसं द्यायचं? सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरपैकी आर जुजबी येतं, एसपीएसएस आहे.

मापनपट्टी

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि अल्फाकडे त्याचं उत्तर नाही. अल्फा ०.९१ वरून फक्त एवढंच कळतं की १२ विधानांची उत्तरं एकमेकांबरोबर वरखाली होतात. ती कशामुळे होतात, आणि दोन्ही गटांत एकाच पातळीवरून होतात का, यातलं काहीच त्यात दिसत नाही.

हिशेब करून बघा. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.४५ असेल तर १२ विधानांचा अल्फा येतो (१२ × ०.४५) ÷ (१ + ११ × ०.४५), म्हणजे ०.९१. तोच ०.४५ ठेवून विधानं ६ केली तर ०.८३. विधानांचा दर्जा तोच, फक्त संख्या कमी झाली. दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. समजा ६ विधानं शरीराच्या थकव्याची आणि ६ मनाच्या उदासीची आहेत. गटातल्या गटात सहसंबंध ०.७, एका गटाचा दुसऱ्याशी फक्त ०.२. म्हणजे सरळसरळ दोन वेगळ्या गोष्टी मोजताय. सगळ्या ६६ जोड्यांची सरासरी निघते ०.४३ आणि अल्फा येतो ०.९०! क्रोनबाखचा लेख १९५१ चा आहे, पण आपल्याकडच्या प्रबंधांत अजूनही ‘अल्फा ०.७ च्या वर, म्हणून साधन प्रमाणित’ हे एक वाक्य टाकलं की प्रकरण तीन संपतं.

आता तुमचे ४ गुण. तीन विधानं अशी निघाली की थकवा सारखाच असूनही तेलुगू आवृत्तीत प्रत्येकावर पाऊण गुण जास्त पडतो, तर सव्वादोन गुण तिथेच गेले. त्याने अल्फाला धक्काही लागणार नाही. सगळ्यांच्या उत्तरात सारखीच भर पडली तर सहसंबंध बदलत नाहीत, आणि अल्फा सहसंबंधांवरच उभा आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. कुणीतरी म्हणेल, मापनाची प्रमाण त्रुटी ९ × √(१ − ०.९१), म्हणजे २.७ आहे आणि फरक ४ चा आहे, म्हणजे फरक खरा. ही गल्लत करू नका. २.७ हा एका बाईच्या गुणातला यादृच्छिक हेलकावा आहे. दोनशे जणींच्या सरासरीत तो जवळजवळ विरून जातो. तुमची अडचण एका बाजूला झुकलेल्या चुकीची आहे, आणि ती नमुना वाढवून कमी होत नाही.

पेपरसेटर

परीक्षांच्या जगात याला डिफ (डिफरन्शियल आयटेम फंक्शनिंग) म्हणतात: एकूण पातळी सारखी असूनही एखाद्या प्रश्नात दोन गटांत पडणारा फरक. शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा एकाहून जास्त माध्यमांत होते. तिथे ‘उर्दू माध्यमाची मुलं या प्रश्नात मागे पडली’ हे निरीक्षण बिनकामाचं. विचारायचं असं, की पेपरात एकूण तितकेच गुण मिळवणारी मराठी माध्यमाची आणि उर्दू माध्यमाची मुलं शेजारी बसवली, तर याच एका प्रश्नात त्यांच्यात फरक पडतो का? पडला तर प्रश्नात खोट शोधायची.

बरोबर-चूक अशा दोनच पर्यायांच्या प्रश्नांसाठी मँटेल-हेन्झेल पद्धत वापरतात. हॉलंड आणि थेयर यांनी १९८८ मध्ये ती चाचण्यांसाठी रुळवली. त्यातून येणाऱ्या ऑड्स रेशोचा (दोन गटांच्या बरोबर उत्तराच्या संभाव्यतांच्या गुणोत्तराचा) नैसर्गिक लॉग घेऊन त्याला −२.३५ ने गुणलं की डेल्टा मिळतो. चिन्ह सोडून तो १ च्या आत असेल तर प्रश्न ए वर्गात, म्हणजे किरकोळ. १.५ किंवा त्याहून जास्त आणि सांख्यिकीयदृष्ट्या ठाम असेल तर सी, म्हणजे प्रश्न समितीपुढे जातो. मधले बी.

तुमच्याकडे पाच पायऱ्या आहेत, म्हणून ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन (क्रमाने लावलेल्या पर्यायांसाठीची पद्धत) घ्या. प्रत्येक विधानासाठी तीन मॉडेल. पहिल्यात फक्त थकव्याची एकूण पातळी. दुसऱ्यात तिच्या जोडीला भाषा. तिसऱ्यात भाषा आणि पातळीचा गुणाकारही. पहिल्यापेक्षा दुसरं लक्षणीय चांगलं बसलं तर डिफ एकसारखा आहे: कमी थकलेली असो की जास्त, एका भाषेत उत्तर सगळीकडे वरच सरकतं. दुसऱ्यापेक्षा तिसरं चांगलं निघालं तर तो असमान आहे, म्हणजे थकव्याच्या पातळीनुसार फरक कमी-जास्त होतो, कधी कमी थकव्याच्या बायांत एका बाजूला आणि जास्त थकव्याच्या बायांत दुसऱ्या बाजूलाही. दुसरा प्रकार निस्तरायला अवघड.

गोम अशी आहे की ‘एकूण पातळी’ तुम्ही त्याच १२ विधानांवरून काढता. त्यातली तीन सदोष असतील तर ज्याने मोजायचं तेच वाकडं. म्हणून सदोष विधानं सापडली की ती वगळून (किंवा प्रत्येक गटासाठी वेगळी धरून) पातळी पुन्हा काढायची, सगळी विधानं पुन्हा तपासायची आणि यादी बदलेनाशी झाली की थांबायचं. हे हाताने करू नका, वेड लागेल.

विडीपान

दोघांचेही आभार. विधानं थोडी सांगते. पाचवं: ‘दुपारी काम थांबवून आडवं व्हावं लागतं.’ नववं: ‘दोन जिने चढले की गळून गेल्यासारखं होतं.’ सातवं उलट्या बाजूचं: ‘सकाळी उठल्यावर अंगात तरतरी असते.’ बाकीची साधी आहेत.

आणखी एक. तेलुगू गटातल्या बहुतेक जणी घरी विड्या वळतात. मराठी गटातल्या बऱ्याच जणी गणवेश शिवणाऱ्या आणि टॉवेलच्या कारखान्यांत आहेत. तेलुगू मुलाखती एका ताईंनी घेतल्या, मराठी दुसऱ्या दोघींनी. मराठीचं काम डिसेंबर-जानेवारीत झालं, तेलुगूचं एप्रिलमध्ये.

पूर्वभाग

ताई, शेवटच्या परिच्छेदातच अर्धं उत्तर आहे. भाषा, धंदा, मुलाखतकार आणि महिना ही चारही एकमेकांत गुंतली आहेत. डिफ चाचणी कितीही चोख केली तरी ‘भाषा’ म्हणून जे दिसेल ते या चौघांचं मिश्रण असेल.

आधी त्यांचे दोन गठ्ठे करा. महिना हा मापनदोष नाही. एप्रिलमध्ये सोलापूर चाळिशीपार असतं, पत्र्याखाली बसून विड्या वळणारी बाई खरोखरच जास्त थकते. प्रश्नावलीने ते बरोबर टिपलं. फक्त त्याला ‘तेलुगू गट जास्त थकलेला’ असं नाव देता येणार नाही. हा नमुना घेण्यातला घोळ आहे, कुठलंही सॉफ्टवेअर तो मागून सोडवणार नाही. दोन्ही गटांतल्या थोड्या जणींना एकाच पंधरवड्यात पुन्हा विचारणं हाच उपाय. (गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस टाळा. जानेवारीत त्या आठवड्यांत कामाचं आणि झोपेचं गणित वेगळंच असतं. तुमच्या मराठी मुलाखतींपैकी किती त्या दिवसांतल्या आहेत, तेही मोजा.)

धंदा हा मात्र विधानांत शिरलेला दोष आहे. पाचवं विधान घ्या. घरी विड्या वळणारीला सूप बाजूला सारून दहा मिनिटं पाठ टेकता येते. शिवणकामाच्या कारखान्यात मशीनवरून उठून आडवं होणार कुठे? ती कितीही थकलेली असली तरी ‘कधीच नाही’ सांगेल, आणि खरंच सांगेल. म्हणजे हे विधान थकव्याबरोबर सवडही मोजतं. नवव्याचं उलट होतं. बैठ्या घरात राहून घरीच काम करणारीला रोज जिना नाही. ती अंदाजाने बोलते, नाहीतर ‘आमच्याकडं जिना कुठाय’ म्हणते आणि मुलाखतकार १ वर खूण करून पुढे जाते. पाचवं तेलुगू गटाला वर ढकलतं, नववं खाली ओढतं. बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊनही टाकतील, पण म्हणून विधानं निर्दोष ठरत नाहीत. मूळ कागद काढा आणि नवव्यावर किती ठिकाणी ‘लागू नाही’सारखं काही लिहिलंय ते बघा. त्या नोंदी १ नाहीत, रिकाम्या आहेत.

ही खोट फक्त आपल्या प्रश्नावलीत असते असं नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या एसएफ-३६ या आरोग्याच्या प्रश्नावलीच्या मूळ इंग्रजी आवृत्तीत मध्यम कष्टाची उदाहरणं म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ आहेत.

वाचून दाखवण्याबद्दल. सोलापूरच्या तेलुगू घरांतल्या अनेक जणी मराठी शाळेत शिकलेल्या असतात, घरी बोलतात ती तेलुगू इथली असते. हैदराबादच्या भाषांतरकाराने छापील तेलुगूत केलेलं वाक्य मुलाखतकार जागेवर ‘सोपं करून’ सांगते, आणि मग प्रत्येक बाईला वेगळा प्रश्न जातो. बोलीतलं वाक्य आधीच ठरवा, लिहून ठेवा (मराठी लिपीत लिहिलं तरी चालेल) आणि एक शब्दही बदलायचा नाही अशी ताकीद द्या. पाच पर्याय एका दमात वाचले तर शेवटचा तेवढा लक्षात राहतो. त्यापेक्षा दोन टप्पे करा: ‘असं होतं का?’ नाही म्हणाली तर १. हो म्हणाली तर ‘क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा की नेहमीच?’ ‘गेल्या ७ दिवसांत’ म्हणण्याऐवजी ‘मागच्या मंगळवार बाजारापासून’ म्हटलं तर आठवण्याला खुंटी मिळते, पण मग मुलाखत सोमवारी किंवा मंगळवारीच घ्यायची. शुक्रवारी घेतली तर तो काळ तीनच दिवसांचा होतो.

मापनपट्टी

पूर्वभाग यांच्याशी पूर्ण सहमत. आता हातात आहे त्या डेटावर काय करता येईल ते सांगतो.

सुरुवात सातव्या विधानापासून. ते उलटं मोजलंय ना, दोन्ही फाइलींत? ६ वजा उत्तर. प्रत्येक भाषेत वेगवेगळं, त्या विधानाचा उरलेल्या ११ च्या बेरजेशी सहसंबंध काढा. एका भाषेत उणे आला तर बहुधा उलटवणं राहिलंय. दोन्हीकडे शून्याजवळ असेल तर वाचून दाखवताना बाया नुसतं ‘हो’ म्हणत गेल्या आहेत, हे उलट्या विधानांचं नेहमीचं दुखणं.

मग आरमध्ये लॉर्डिफ हे पॅकेज. पेपरसेटर यांनी सांगितलेली तीन मॉडेलं आणि पुन्हा पुन्हा गाळण्याचं काम ते स्वतः करतं. पातळी बेरजेऐवजी ग्रेडेड रिस्पॉन्स मॉडेलने (पायऱ्यांच्या उत्तरांवरून थकव्याची पातळी अंदाजणाऱ्या मॉडेलने) काढतं. त्याला १२ स्तंभ आणि भाषेचा एक स्तंभ द्या. मूळ ठेवण अशी: कसोटीची पातळी ०.०१, आणि एखाद्या गटात एखाद्या पर्यायावर ५ पेक्षा कमी उत्तरं असतील तर शेजारचा पर्याय त्यात मिसळायचा. इथे बरेच जण फसतात. तुमच्या ‘नेहमी’वर मराठी गटात चारच खुणा असतील तर तो पर्याय गुपचूप ‘बऱ्याचदा’मध्ये जाईल आणि तक्ते पाच पायऱ्यांचे समजून तुम्ही वाचत बसाल. आधी प्रत्येक विधान × भाषा असा वारंवारता तक्ता छापून समोर ठेवा.

नुसत्या पी-मूल्यावर विधान बाद करू नका. मॅकफॅडनचा स्यूडो आर-स्क्वेअर (मॉडेल डेटावर किती बसतं याचा आकडा) पहिल्या मॉडेलपासून तिसऱ्यापर्यंत किती वाढला ते बघा. या पॅकेजात ०.०२ ही रेषा ठेवलेली आहे. ती शिथिल की कडक यावर वाद आहेत, म्हणून त्याच पॅकेजातली मॉन्टे कार्लो सोय चालवा: डिफ नसलेला खोटा डेटा तुमच्याच आकाराचा बनवून, नुसत्या योगायोगाने किती वाढ दिसते ते ती सांगते. प्रत्येक गटात २०० च्या आसपास हा या पद्धतीचा तळचा टप्पा मानतात, तुम्ही जेमतेम तिथे आहात. मोठा डिफ सापडेल, बारीक निसटेल.

धंद्याचा गुंता थोडा सोडवायचा असेल तर आरच्याच लावान पॅकेजात मिमिक मॉडेल, ज्यात कशाचा परिणाम कशावर होतो ते बाणांनी दाखवतात. भाषा आणि धंदा दोन्हींचे बाण थकव्याकडे, आणि संशयित पाचव्या-नवव्या विधानाकडे थेट बाण. पाचव्यावर धंद्याचा थेट परिणाम उरला आणि भाषेचा मावळला, तर पूर्वभाग यांचं म्हणणं डेटातूनच सिद्ध होईल. पण त्यासाठी विड्या वळणाऱ्या मराठी आणि कारखान्यात जाणाऱ्या तेलुगू बाया पुरेशा हव्यात. त्या रकान्यात सात-आठच जणी असतील तर मॉडेल आकडा देईल, विश्वास ठेवू नका.

लॉजिट

एवढ्या खटाटोपापेक्षा रॅश मॉडेल लावा. डेन्मार्कच्या गेओर्ग रॅशने १९६० मध्येच मांडलं की तुलना विधानांवर अवलंबून नसावी आणि विधानांची काठिण्यपातळी माणसांवर अवलंबून नसावी. जे विधान बसत नाही ते काढा. उरलेल्यांची बेरीज डोळे झाकून वापरता येते.

मापनपट्टी

@लॉजिट, रॅशची अट सुंदर आहे यात वाद नाही, आणि नवीन प्रश्नावली बांधताना मीही तिथूनच सुरुवात करा म्हणेन. पण १२ पैकी ४ काढून टाकली तर उरलेल्या ८ मध्ये थकव्याची कुठली बाजू शिल्लक राहते? दुपारचा थकवा गेला, चढण्याचा गेला, की मग तुलना स्वच्छ आणि मोजमाप अर्धवट. काढण्याआधी ती वेगळी धरून बघावं. न बिघडलेली विधानं दोन्ही गटांना सामाईक, हा नांगर. बिघडलेल्यांना प्रत्येक गटाचे स्वतःचे आकडे. त्यावरून निघालेले गुण तुलना करण्याजोगे असतात आणि माहितीही वाया जात नाही.

पेपरसेटर

नांगराबद्दल एक इशारा. सगळी १२ विधानं एकाच बाजूला सारखीच झुकली असतील तर डिफ चाचणीला काहीच दिसत नाही. सगळा झुकाव ‘थकव्यातला फरक’ म्हणून जमा होतो. उदाहरणार्थ, तेलुगूत ‘बऱ्याचदा’साठी जो शब्द घेतलाय तो सौम्य असेल तर प्रत्येक विधानावर खूण एक घर वर जाईल. हे आतून पकडता येत नाही, बाहेरचा पुरावा लागतो.

सोलापुरात तो मिळणं सोपं आहे, कारण दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या बाया भरपूर आहेत. अशा १०० जणी घ्या आणि चिठ्ठ्या टाकून चार गट करा, प्रत्येकी २५: मराठी-मराठी, तेलुगू-तेलुगू, मराठी-तेलुगू, तेलुगू-मराठी. दोन वेळांत २ ते ३ दिवसांचं अंतर. जास्त ठेवलं तर थकवाच बदलतो, त्याच दिवशी विचारलं तर पहिलं उत्तर आठवतं. पहिले दोन गट लोकांना फालतू वाटतात आणि नेमके तेच गाळले जातात. तीच भाषा दुसऱ्यांदा विचारली तरी उत्तरं थोडी हलतात. ते हलणं किती, हे माहीत नसेल तर भाषा बदलल्याने किती हललं ते कशाशी ताडणार? मुलाखतकारही दोन्ही भाषा येणारी हवी आणि चारही गटांत तीच हवी.

मर्यादा आहे: दोन भाषा येणाऱ्या बाया बहुधा जास्त शिकलेल्या असतात, म्हणून हा निकाल फक्त तेलुगू बोलणाऱ्या वयस्क बाईला जसाच्या तसा लागू होत नाही. पण पर्यायांचे शब्द झुकलेत का, एवढं नक्की कळेल. आणि हो, नव्याने बायांकडे जायचं तर एथिक्स कमिटीकडून आधी दुरुस्तीची मंजुरी घ्या. सही न करू शकणाऱ्यांच्या संमतीपत्रावर अंगठ्याबरोबर निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. तो साक्षीदार तुमच्या टीममधला चालत नाही.

विडीपान

खूप स्पष्ट झालं. रकाने मोजले: विड्या वळणाऱ्या मराठी ३१, कारखान्यातल्या तेलुगू २४. मूळ कागदांवर नवव्या विधानाशेजारी बऱ्याच ठिकाणी ‘जिना नाही’ लिहिलेलं आहे आणि फाइलीत १ भरलंय. आता शेवटचं. डिफ सापडलाच तर ४ गुणांच्या त्या वाक्याचं काय करायचं?

मापनपट्टी

नवव्याचे ते सगळे १ आधी रिकामे करा, मगच पुढचं काहीही. ३१ आणि २४ वर मिमिक चालेल, पण विश्वास अंतराल (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो) रुंद येतील. ते तसेच छापा.

मग प्रत्येक बाईचे दोन गुण काढा: एक साधा आणि एक डिफ लक्षात घेऊन, दोन्ही एकाच मोजपट्टीवर. दोन तक्ते करा. पहिल्यात गटांमधला फरक दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर, अंतरालांसह. दुसऱ्यात किती जणींचा गुण प्रमाण त्रुटीपेक्षा जास्त सरकला, भाषेनुसार. फरक ४ वरून साडेतीनवर आला आणि कुणीच फारसं सरकलं नाही, तर डिफ आहे पण निष्कर्षाला धक्का नाही असं लिहा. ४ वरून दीडवर आला तर मूळ वाक्य काढा. दोन्ही बाबतींत महिन्याचा मुद्दा मर्यादांच्या परिच्छेदात लपवू नका, तक्त्याखालीच लिहा: तेलुगू मुलाखती एप्रिलमध्ये, मराठी डिसेंबर-जानेवारीत.

पूर्वभाग

आणि तक्त्यात गटाचं नाव ‘तेलुगू भाषक’ एवढंच ठेवू नका. ‘तेलुगू भाषक, मुख्यतः घरी विड्या वळणाऱ्या’ असं लिहा. नाहीतर पुढच्या संशोधकाच्या आढाव्यात ते भाषेचंच लक्षण होऊन बसतं.